अपघातग्रस्ताचा दावा आणि वकिलाची फी : म्हसावद परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील म्हसावद हे सातपुड्याच्या पायथ्याचे बाजारपेठेचे गाव होय. शहाद्याहून धडगावकडे आणि राणीपूरमार्गे तोरणमाळकडे जाणारी वाहतूक या गावावरून होते. डोंगरातील पाड्यांवरून मजुरीसाठी, बाजारासाठी व दवाखान्यासाठी खाली उतरणाऱ्या माणसांना जीप, पिकअप, ट्रॅक्टरची ट्रॉली आणि मोटारसायकल हीच साधने उपलब्ध असतात. २०२१ साली तोरणमाळ परिसरातील खडकी घाटात प्रवाशांचे वाहन दरीत कोसळले. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांचे पिकअप वाहन चांदशैली घाटात उलटले. अशा मोठ्या दुर्घटनांची वार्ता सर्वदूर पोहोचते. परंतु एखादा ऊसतोड मजूर ट्रॉलीखाली सापडून पाय गमावतो किंवा मोटारसायकलस्वार तरुण रस्त्याच्या कडेला जखमी अवस्थेत आढळतो, तेव्हा वृत्तपत्रात त्याविषयी फार तर दोन ओळी येतात आणि पुढील सारा भार त्याच्या कुटुंबावर पडतो.

या भारात दवाखान्याच्या खर्चाखालोखाल जो प्रश्न उभा राहतो तो वकिलाचा. वकील कोठून आणावयाचा, त्याला किती द्यावयाचे आणि मुख्य म्हणजे कशातून द्यावयाचे? घरातील कमावता माणूस खाटेला खिळलेला असताना फी आगाऊ देणे बहुतेक कुटुंबांना अशक्य असते. त्यामुळे 'आता काही देऊ नका, पैसे मिळाल्यावर त्यातून द्या' हा प्रस्ताव त्यांना उपकारासारखा वाटतो. या प्रस्तावाचे कायद्यातील स्थान काय, त्याची किंमत किती आणि त्याला कोणते पर्याय उपलब्ध आहेत, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या परिसरातील महाविद्यालयांत शिकणारे अनेक विद्यार्थी आपल्या कुटुंबातील पहिलेच शिकते सदस्य आहेत. वकीलपत्र घरात आले की ते वाचून दाखविण्याचे काम त्यांच्याकडे येते आणि ते विद्यार्थी ते कागद घेऊन प्राध्यापकांकडे येतात. म्हणून हा विषय केवळ विधी महाविद्यालयांचा राहत नाही.

टक्केवारीचा प्रघात

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ अन्वये जखमी व्यक्तीला अथवा मृताच्या वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो. १९९४ च्या दुरुस्तीपासून अर्जदार ज्या ठिकाणी राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही हा अर्ज चालू शकतो. म्हसावद परिसरातून हंगामात दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे. अपघात सुरत जिल्ह्यात घडला असला तरी दावा नंदुरबार येथे दाखल करता येतो. तारखेला गुजरातेत जावे लागेल या भीतीने दावाच सोडून देण्याचे कारण उरत नाही.

असा दावा निकाली निघण्यास वर्षे लागतात. साक्षीपुरावा, डॉक्टरांची साक्ष, विमा कंपनीचे आक्षेप, आणि निवाड्यानंतर छत्रपती संभाजीनगर येथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे अपील, हा सारा काळ कोणीतरी निभावून न्यावा लागतो. कुटुंबाजवळ ते बळ नसते. वकील तो काळ निभावतो, छायांकित प्रती, नोटरी, समन्स व प्रवास यांचा खर्चही पुष्कळदा स्वतः करतो आणि मोबदल्यात निवाड्याच्या रकमेतील ठरावीक टक्के घेतो. हा प्रघात देशभर आहे व त्यात गुपित असे काही राहिलेले नाही.

या परिसरातील कुटुंबांना हा व्यवहार परका वाटत नाही, याला एक कारण आहे. ऊसतोडीच्या व्यवसायात मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि हंगामभर कोयता चालवून ती फेडावयाची, ही रीत येथे सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे. भविष्यातील कमाई आज गहाण ठेवण्याची ही सवय वकिलाच्या टक्केवारीतही तशीच पुढे चालते. फरक इतकाच की, उचल किती घेतली हे मजुराला ठाऊक असते. टक्केवारीत आपण किती रक्कम देऊन बसलो हे मात्र निवाडा होईपर्यंत कोणालाच ठाऊक नसते.

कायद्याची भूमिका

भारतीय कायद्याने वकिलाला हा व्यवहार स्पष्टपणे वर्ज्य केला आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या १९७५ च्या नियमांतील व्यावसायिक आचारसंहितेत विसावा नियम असे सांगतो की, दाव्याच्या निकालावर अवलंबून असणारी फी वकिलाने ठरवू नये आणि दाव्यातून मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्याचा करार करू नये. त्याच्याही आधी, १९५४ साली, सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका ज्येष्ठ अधिवक्त्याच्या प्रकरणात हीच भूमिका घेतली होती. न्यायालयाने निर्णयात त्यांचा उल्लेख केवळ 'जी' या आद्याक्षराने केला आहे. वसूल होणाऱ्या रकमेतील निम्मा हिस्सा फी म्हणून घेण्याचे त्यांनी पक्षकाराकडून लिहून घेतले होते आणि न्यायालयाने ते व्यावसायिक गैरवर्तन ठरविले.

त्या निर्णयातील एक बारकावा लक्षणीय आहे. वाटणीच्या बोलीवर दुसऱ्याचा दावा चालविण्यास इंग्लंडमध्ये जी बंदी होती, ती भारतात सरसकट लागू नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७६ मध्येच सांगितले होते. अट एवढीच की व्यवहार पिळवणुकीचा नसावा. म्हणजे दुसऱ्या एखाद्या व्यक्तीने दाव्यासाठी पैसे पुरवून फळातील वाटा घेतला तर तो करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही. तोच करार वकिलाने केला तर मात्र ठरतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पंचविसाव्या आदेशाला महाराष्ट्रात जी दुरुस्ती लागू आहे, तिच्यात दाव्याला पैसा पुरवणाऱ्या अशा त्रयस्थाचे अस्तित्व गृहीत धरलेले आहे. वरवर पाहता हे विचित्र वाटते. ज्याला कायद्याचे ज्ञान आहे आणि ज्याच्यावर आचारसंहितेचे बंधन आहे त्याला मज्जाव, आणि व्याजबट्टा करणाऱ्याला मोकळीक. परंतु यामागील तर्क समजून घेतला पाहिजे. वकील हा न्यायालयाचाही अधिकारी असतो. दाव्यात त्याचा स्वतःचा हिस्सा निर्माण झाला की तडजोड केव्हा करावी व किती रकमेवर करावी, याविषयी त्याचा सल्ला निर्मळ राहीलच याची हमी उरत नाही. लवकर मिळणारी थोडी रक्कम वकिलाला परवडू शकते. पाय गमावलेल्या माणसाला ती परवडत नाही.

हे केवळ जुन्या काळातील तत्त्व नव्हे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातील एका विधवेच्या प्रकरणात जो निर्णय दिला, तो प्रस्तुत विषयाशी थेट संबंधित आहे. १९९८ मध्ये तिच्या पतीचा मोटार अपघातात मृत्यू झाला होता. नुकसानभरपाई मिळाल्यानंतर वकिलाला १० लाख रुपये फी देण्यात आली. त्यानंतर आणखी ३ लाख रुपयांचा धनादेश तिच्याकडून घेण्यात आला आणि तो वटला नाही म्हणून तिच्यावर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ अन्वये फौजदारी खटला दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयाने हा खटला रद्द केला. निवाड्याच्या रकमेच्या टक्केवारीत फी आकारणे हे सार्वजनिक धोरणाच्या व व्यावसायिक नीतीच्या विरुद्ध आहे, म्हणून अशा फीची मागणी हे कायदेशीर देणे ठरू शकत नाही, असा या निर्णयाचा आशय आहे. वकिलांच्या फीचे नियमन करण्याचा विचार सरकारने करावा, असेही न्यायालयाने त्या वेळी सुचविले होते.

सर्वच देशांनी हा मार्ग बंद केलेला नाही. अमेरिकेत शारीरिक इजेच्या दाव्यात साधारणतः एक तृतीयांश रक्कम वकिलाला जाते व तसा लेखी करार उघडपणे होतो. इंग्लंडमध्ये १९९० च्या कायद्याने निकालावर अवलंबून असणाऱ्या फीला मर्यादित मान्यता मिळाली. एप्रिल २०१३ पासून शारीरिक इजेच्या दाव्यात वकिलाला भरपाईतून घेता येणाऱ्या यशशुल्कावर २५ टक्क्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा मोजताना भविष्यातील नुकसानीपोटी मिळणारी रक्कम वगळली जाते, हे येथे विशेष महत्त्वाचे आहे. जखमी माणसाच्या पुढील आयुष्याच्या तरतुदीला हात लावावयाचा नाही, एवढे पथ्य तेथील कायद्याने पाळले आहे. भारतात बंदी असल्यामुळे मर्यादा नाही. आणि मर्यादा नसल्यामुळे जो व्यवहार प्रत्यक्षात होतो तो तोंडी, बिनहिशेबी आणि दुबळ्या बाजूला पूर्णतः प्रतिकूल असा होतो.

टक्केवारीचा हिशेब

टक्केवारी म्हणजे नेमके किती, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल. समजा, तीस वर्षे वयाच्या मजुराचे मासिक उत्पन्न न्यायाधिकरणाने ९,००० रुपये धरले. वार्षिक उत्पन्न १,०८,००० रुपये होते. २०१७ मधील घटनापीठाच्या निर्णयानुसार चाळीस वर्षांखालील स्वयंरोजगारी अथवा ठरावीक वेतनावरील व्यक्तीच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवावयाचे असतात. म्हणजे १,५१,२०० रुपये झाले. २६ ते ३० या वयोगटासाठी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निश्चित केलेला गुणक १७ आहे. अपघातामुळे त्याच्या कमावण्याच्या क्षमतेत ४० टक्के घट झाली असे धरल्यास भावी उत्पन्नाच्या नुकसानीची रक्कम १०,२८,१६० रुपये होते. उपचारावर २,००,००० रुपये खर्च झाले असतील तर एकूण १२,२८,१६० रुपये. वेदना व यातना, अन्य शीर्षे आणि व्याज येथे बाजूस ठेवले आहे.

या रकमेवर २० टक्के फी म्हणजे २,४५,६३२ रुपये. या मजुराचे दरवर्षीचे नुकसान वरील हिशेबाने ६०,४८० रुपये आहे. म्हणजे सुमारे चार वर्षांचे नुकसान फीपोटी गेले. त्यातही बारकाईने पाहावयास हवे. उपचाराचे दोन लाख कुटुंबाने आधीच, बहुधा कर्ज काढून, दवाखान्यात भरलेले आहेत. ते केवळ परत मिळत आहेत. तरीही त्यातून ४०,००० रुपये वजा होतात आणि सावकाराचे मुद्दल तेवढ्याने अपुरे पडते. कलम १७१ अन्वये दावा दाखल झाल्यापासून जे व्याज न्यायाधिकरण देऊ शकते ते विलंबाबद्दल जखमी माणसाला असते, पण टक्केवारी एकूण रकमेवर ठरलेली असल्यास त्या व्याजातही वाटा जातो.

याउलट बाजूही नमूद केली पाहिजे. हाच दावा फेटाळला गेला तर वकिलाला काहीच मिळत नाही आणि त्याने पदरचे केलेले खर्चही बुडतात. अनेक वकील अशा जोखमीवर वर्षानुवर्षे काम करतात. त्यांच्यामुळेच कित्येक कुटुंबे न्यायाधिकरणाच्या दारापर्यंत पोहोचली हे नाकारता येणार नाही. तेव्हा येथील प्रश्न वकिलांच्या नीतिमत्तेपुरता नाही. निकालापर्यंतचा काळ आणि निकालाची अनिश्चितता यांचा भार कोणी वाहावयाचा, हा मूळ प्रश्न आहे आणि टक्केवारी ही प्रामुख्याने त्या भाराची किंमत आहे.

जे दावे कोणी घेत नाही

टक्केवारीच्या पद्धतीचा एक परिणाम सहसा चर्चेत येत नाही. ज्या दाव्यात विमा कंपनी पैसे भरणार हे निश्चित आहे, तोच दावा या पद्धतीत आकर्षक ठरतो. सातपुड्यातील वाहतुकीचे स्वरूप पाहता असे न ठरणारे दावे येथे पुष्कळ आहेत. पिकअप हे मालवाहू वाहन होय. त्यात फुकट अथवा भाडे देऊन बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले आहे. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी सोबत असेल तर त्याला मात्र १९९४ च्या दुरुस्तीपासून संरक्षण आहे. बाजारातून आपली धान्याची पोती घेऊन पिकअपमधून परतणारा शेतकरी आणि त्याच वाहनातून यात्रेहून परतणारा भाविक यांच्या दाव्यांचे भवितव्य त्यामुळे वेगळे ठरते. शेतीसाठी विमा उतरविलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतील मजुरांबाबतही विमा कंपनी अशाच स्वरूपाचे आक्षेप घेते. काही प्रकरणांत न्यायालये आधी विमा कंपनीने रक्कम द्यावी व मग ती वाहनमालकाकडून वसूल करावी असा आदेश देतात; परंतु त्यावर विसंबून दावा हाती घेण्यास टक्केवारीवर काम करणारा वकील फारसा उत्सुक नसतो. ज्या कुटुंबाला वकिलाची सर्वाधिक गरज आहे, त्यालाच तो मिळणे कठीण जाते.

धडक देऊन पळून गेलेल्या अज्ञात वाहनाचे प्रकरण याहून निराळे आहे. तेथे १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेनुसार मृत्यू झाल्यास २ लाख व गंभीर दुखापत झाल्यास ५०,००० रुपये मिळतात. अर्ज उपविभागीय अधिकारी वा तहसीलदार यांच्या पातळीवरील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. या कामासाठी वकिलाची आवश्यकता नाही. त्यासाठी कोणी टक्केवारी मागत असेल तर ती कोणत्या कामाची, असे विचारावयास हवे.

मोफत विधी सेवा : कागदावरील व प्रत्यक्षातील

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत विधी सेवेस पात्र व्यक्तींची यादी आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता ही सेवा मिळते. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. उर्वरित ३१ टक्क्यांतील जवळपास निम्म्या स्त्रिया धरल्या तर जिल्ह्यातील दर पाच व्यक्तींपैकी चारांहून अधिक व्यक्ती केवळ या दोन निकषांवर मोफत वकिलास पात्र ठरतात. शिवाय अपघातात ज्याला कायद्याने ठरविलेल्या प्रमाणात कायमचे अपंगत्व आले तो, त्याची जात व उत्पन्न काहीही असो, त्या अपंगत्वामुळेच पात्र होतो. या सेवेत वकिलाच्या फीबरोबरच न्यायालयीन शुल्क व दाव्याचे अन्य खर्चही समाविष्ट आहेत. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून काहीही घ्यावयाचे नाही, असे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत सांगितले आहे.

एवढी व्यापक तरतूद असताना टक्केवारीचा प्रघात टिकून का आहे? पहिले कारण अंतराचे आहे. म्हसावदपलीकडील पाड्यावरच्या माणसाला तालुका विधी सेवा समितीसाठी शहाद्याला आणि जिल्हा प्राधिकरणासाठी शहादा व प्रकाशामार्गे नंदुरबारला जावे लागते. प्रत्येक फेरीत एक दिवसाची मजुरी बुडते. दुसरे कारण भाषेचे. घरात भिली, पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या माणसाला न्यायालयीन मराठी ही जवळजवळ परभाषाच असते. तिसरे कारण अविश्वासाचे. 'फुकटचा वकील मनापासून लढत नाही' ही समजूत घट्ट आहे, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. नियुक्त वकिलाला मिळणारे मानधन खाजगी फीच्या तुलनेत अल्प असते व अपघाताच्या दाव्यात डॉक्टरांची साक्ष मिळविण्यापासून विमा कंपनीच्या साक्षीदाराच्या उलटतपासणीपर्यंत जे कष्ट पडतात त्यांच्याशी त्याचा मेळ बसत नाही. असे असले तरी, एखादा नियुक्त वकील काम करीत नसेल तर तो बदलून मागता येतो, हे पक्षकाराला सहसा कोणी सांगत नाही.

चौथे कारण सर्वांत प्रभावी आहे. दलाल आधी पोहोचतो. जखमी माणूस दवाखान्यात असतानाच वकीलपत्रावर अंगठा घेतला जातो. वकिलाने दलालामार्फत कामे मिळवू नयेत असा विधिज्ञ परिषदेचा छत्तिसावा नियम आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीने अधिवक्ता अधिनियमात आलेल्या कलम ४५-अ अन्वये न्यायालयांना दलालांच्या याद्या प्रसिद्ध करता येतात. विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक ही याला तोंड देण्याची यंत्रणा होय. २००९ पासून ही योजना अस्तित्वात आहे. गावातील शिक्षित व्यक्तीने प्रशिक्षण घेऊन लोकांना प्राधिकरणापर्यंत पोहोचवावे अशी तिची कल्पना आहे आणि महाविद्यालयीन विद्यार्थीही त्यात सहभागी होऊ शकतात. भिली वा पावरी बोलणारा पदवीचा विद्यार्थी या कामात जितका उपयुक्त ठरेल तितका बाहेरून आलेला वकील ठरणार नाही. प्राधिकरणाचा १५१०० हा मदत क्रमांकही आहे.

२०२२ नंतरची प्रक्रिया

वर म्हटल्याप्रमाणे टक्केवारी ही काळाची आणि अनिश्चिततेची किंमत असेल, तर हा काळ व ही अनिश्चितता कायद्याने कितपत कमी केली आहे हे पाहणे क्रमप्राप्त ठरते. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती अधिनियमातील संबंधित तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून अमलात आल्या. त्यानुसार पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल द्यावयाचा असतो. कलम १६६ च्या चौथ्या पोटकलमान्वये पोलिसांकडून आलेला अहवाल न्यायाधिकरणाने भरपाईचा अर्ज म्हणूनच विचारात घ्यावयाचा आहे. कलम १४९ नुसार विमा कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने ३० दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव न्यायाधिकरणासमोर ठेवावयाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये या सर्व तरतुदींच्या अंमलबजावणीविषयी सविस्तर निर्देश दिले.

याचा अर्थ असा की, दावा उभा करण्याचे जे काम पूर्वी सर्वस्वी वकिलाचे होते, त्यातील मोठा भाग आता कायद्याने पोलीस व विमा कंपनी यांच्यावर टाकला आहे. म्हसावद पोलीस ठाण्याच्या हद्दीत अपघात घडला असेल तर प्रथम खबर अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाचा विमा व चालकाचा परवाना ही कागदपत्रे सविस्तर अहवालातच यावयास हवीत. या मुदती सर्वत्र काटेकोरपणे पाळल्या जातात असे नाही. तरीही कुटुंबाने वकिलाशी बोलण्यापूर्वी सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे गेला काय, याची चौकशी केली पाहिजे. विमा कंपनीचा प्रस्ताव आल्यानंतर वकिलाचे काम उरते ते त्या प्रस्तावाची योग्यता तपासण्याचे व तो अपुरा असल्यास अपंगत्व आणि उत्पन्न सिद्ध करण्याचे. हे काम कौशल्याचे आहे आणि त्याची फी द्यावीच लागेल. पण तिची तुलना कोऱ्या पाटीवर दावा उभा करण्याच्या फीशी होऊ शकत नाही.

याच दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करण्याची मुदत पुन्हा आणली. ती १९९४ मध्ये वगळण्यात आली होती. या मुदतीच्या वैधतेला आव्हान देण्यात आले असून नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला आहे. 'मुदत संपेल' अशी भीती घालून घाईने सही घेणाऱ्यांच्या हातातील मोठे शस्त्र यामुळे बोथट झाले आहे. अर्थात अंतरिम आदेश हा अंतिम निर्णय नव्हे. सहा महिन्यांच्या आत अर्ज करणे हेच श्रेयस्कर.

फीचा करार व रकमेचे संरक्षण

खाजगी वकील नेमावयाचे ठरले तर फी ठरावीक रकमेत व टप्प्याटप्प्याने ठरविता येते. अर्ज दाखल करताना काही, पुरावा पूर्ण झाल्यावर काही आणि निवाड्यानंतर उरलेली, अशी वाटणी कायद्याला मान्य आहे. मात्र एकूण आकडा आधी ठरलेला असावा. तो निवाड्याच्या रकमेला बांधलेला नसावा. फी वेगळी व खर्च वेगळा, हे पहिल्याच दिवशी कागदावर आले पाहिजे. पक्षकाराकडून घेतलेली रक्कम फीपोटी आहे की खर्चापोटी, याची स्वतंत्र नोंद ठेवणे आणि मागणी केल्यास हिशेबाची प्रत देणे विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार वकिलावर बंधनकारक आहे. उच्च न्यायालयातील अपील या फीत धरले आहे किंवा नाही, हेही विचारून घ्यावे. विमा कंपनीने अपील केले की कुटुंबाला दुसऱ्यांदा फीचा प्रश्न पडतो आणि तोपर्यंत निवाड्याच्या आशेवर नवी देणी झालेली असतात. लोकअदालतीत तडजोड झाल्यास तिच्यावर अपील नसते व न्यायालयीन शुल्कही परत मिळते. तेव्हा तेथे सही करण्यापूर्वी प्रस्तावित रकमेचा हिशेब वर दाखविल्याप्रमाणे एकदा मांडून पाहणे हिताचे आहे.

रक्कम मिळण्याच्या टप्प्यावर कायद्याने काही कुंपणे घातली आहेत. निरक्षर व अज्ञान अर्जदारांची रक्कम मुदत ठेवीत गुंतवावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे गुजरात उच्च न्यायालयाने १९८२ मध्ये घालून दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये त्यांना मान्यता दिली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई थेट अर्जदाराच्या बँक खात्यात जमा करण्याविषयी निर्देश दिले. मात्र कुंपण खात्यापर्यंतच आहे. खातेपुस्तक, सही केलेला कोरा धनादेश किंवा पैसे काढण्याची सही केलेली पावती जर आधीच दुसऱ्याच्या हाती असेल, तर थेट जमा झालेली रक्कमही त्याच दिवशी बाहेर जाऊ शकते. तेलंगणातील प्रकरण धनादेशावरूनच न्यायालयात गेले होते. असा धनादेश देऊन बसलेल्या कुटुंबाने बँकेला लेखी पत्र देऊन त्याचे प्रदान थांबवावे आणि ते का थांबविले हे त्याच पत्रात नमूद करावे.

फीवरून वाद झाल्यास वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००० मध्ये हे स्पष्ट केले आहे. थकलेल्या फीसाठी त्याला दिवाणी मार्ग मोकळा आहे, पण अपंगत्वाचा दाखला, दवाखान्याची बिले व पंचनाम्याच्या प्रती त्याने परत केल्याच पाहिजेत. मे २०२४ मधील निर्णयानंतर वकिलाच्या सेवेविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागता येत नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ अन्वये महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेकडे गैरवर्तनाची तक्रार करणे हा मार्ग शिल्लक आहे. त्या तक्रारीसोबत फीचा कागद, दिलेल्या रकमांच्या पावत्या आणि बँकेच्या खातेपुस्तकाची प्रत जोडावी लागते. तोंडी ठरलेल्या टक्केवारीत यांपैकी पहिली दोन नसतात.